दीड फुटाची काच

बाबा पॅनेलच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले आणि उठेनात.

सकाळचे आठ वाजले होते. मे महिना होता, आणि नागपूरचं मे महिन्यातलं ऊन आठ वाजताच अंगावर येतं. गॅरेजच्या दारात मी, माझा साळा विलास आणि दोन मजूर असे चौघे उभे होतो. ज्या पांढऱ्या पॅनेलांनी गॅरेजची शेवटची भिंत आतून बंद करायची होती, नेमक्या त्यांच्यावरच माझा बहात्तर वर्षांचा बाप मांडी घालून बसला होता. विलासने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तीनदा समजावलं. त्याचा उपयोग नव्हता. बाबांनी छत्तीस वर्षं मिलमध्ये माग चालवले होते. एका छपराखाली चारशे माग धडधडत असताना माणसाचे कान किती वर्षं टिकणार? निवृत्त झाले तेव्हा उजवा पुरता गेला होता आणि डावा नावापुरता राहिला होता.

"काच ठेव," बाबा म्हणाले. दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढून दाखवला. "एवढी. मले आतलं दिसलं पाह्यजे."

मी विलासकडे पाहिलं, विलासने मजुरांकडे पाहिलं, आणि एक मजूर हसला. मलाही हसू आलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला आता बघायचंही होतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. बावीस वर्षं मी एका कारखान्यात टर्नर होतो. तिथे माणसं कमी करायला लागले तेव्हा शहाणपणा करून मीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लिलावात निघालेला एक जुना पट्ट्याचा लेथ घरी आणला. घराला गॅरेज होतंच. घर बांधताना लेआउटमधल्या सगळ्यांनी गॅरेज काढलं म्हणून मीही काढलं होतं. गाडी घ्यायची ऐपत त्यांच्यातल्या निम्म्यांना नव्हती, आणि त्या निम्म्यांत मी पहिला. दहा वर्षं तिथे माझ्या बायकोच्या, शकुनच्या, गोवऱ्या आणि माझी सायकल राहिली. आता तिथे लेथ बसला, पंपाचे बुश आणि शाफ्ट करायची कामं येऊ लागली, आणि सहाव्या दिवशी देवतळे मास्तर फाटकात उभे राहिले.

मास्तरांचं घर आमच्या घराला लागून. त्यांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचं गाऱ्हाणंही मुद्देसूद होतं. महानगरपालिकेला लिहिलेला अर्ज त्यांनी मला वाचायला दिला. त्यात माझ्या लेथचा आवाज, त्यांची झोप आणि निवासी भागातले नियम असे सगळे विषय येऊन गेले होते. अक्षर सुंदर होतं. खाली फक्त तारीख लिहायची ठेवली होती. "एक जूनला लिहीन," मास्तर म्हणाले. "तोवर तुमचा आवाज बंद व्हावा."

अर्ज गेला असता तर लेथ बंद झाला असता, आणि लेथ बंद झाला असता तर मी काय केलं असतं? शेहेचाळिसाव्या वर्षी मला लोखंड गोल करण्यापलीकडे काही येत नव्हतं. एक जूनच्या आत गॅरेजमधून आवाज बाहेर येता कामा नये, एवढीच गोष्ट मला दिवसरात्र दिसत होती.

अशा वेळी विलास निमजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोला घेऊन बहिणीकडे आला. हा पुण्याकडच्या एका कंपनीत शीतगृहांना भिंती बसवण्याचं काम करायचा. पुण्यात राहायला गेल्यापासून तो दर वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणायला लागला होता. त्याने गॅरेजच्या भिंती बोटांनी वाजवून पाहिल्या, छताच्या टिनाकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "जिजाजी, आत बॉम्ब फुटला ना, तरी मास्तरांच्या चहावर तरंग उठणार नाही, बरं का. शिवाय वरून थंडगार." ओळखीने त्याने कुठल्याशा शीतगृहातून उरलेली पॅनेलं मागवली. टिनाच्या खालून काचेचा कापूस भरला, त्याने आम्हा सगळ्यांना आठ दिवस खाजवत ठेवलं. खिडकी विटांनी बुजवली. दाराला आतून जुनी गादी ठोकली आणि कडेने रबर लावलं. हवेसाठी एक वाकडातिकडा लाकडी खोका काढला, म्हणजे हवा जाईल आणि आवाज वळणावर अडकेल. लेथ चालू-बंद करायचा स्टार्टर माझ्या हाताशी हवा होता, पण तिथे वायर आणायची तर नवीन भिंतीला भोक पडणार. विलास भोकाचं नाव काढू देईना. म्हणून स्टार्टर दाराजवळच राहिला, माझ्यापासून चार हात लांब, आणि मेन स्विच बाहेर बोळीत मीटरजवळ. बावीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाने तिथेच विलासचा हात धरायला हवा होता. पण माझ्या डोक्यात मास्तरांचा अर्ज होता, दुसऱ्या कशाला तिथे जागाच नव्हती.

तर अशा त्या भिंतीत बाबांना काच हवी होती. विलासने त्यांना उष्णता आणि आवाज यांच्यावर एक व्याख्यान दिलं. बाबा त्याच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिले आणि व्याख्यान संपल्यावर म्हणाले, "काच ठेव."

शेवटी शकुन बाहेर आली. तिने सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेतला आणि जाहीर केलं, "मामाजी उन्हात बसून आहे तोवर आज कोणाले जेवण भेटणार नाही." मजुरांनी ताबडतोब पक्ष बदलला. दीड फूट बाय दीड फूट काच बसली, आवाज जाऊ नये म्हणून एकामागे एक अशी दुहेरी. ती बसवताना विलासचं तोंड इतकं वाकडं झालं होतं की कुणी त्याच्या दातात खिळा ठोकतोय असं वाटावं.

एकतीस मेला परीक्षा झाली. मास्तर त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. मी आत लेथ चालू केला आणि एक जाड सळई घेऊन मुद्दाम आवाज होईल असं कापायला लागलो. विलासने बाहेरून मास्तरांना विचारलं, आता ऐकू येतंय का? मास्तर म्हणाले, काय ऐकू यायला पाहिजे? मग त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. फाडला नाही. नागरिकशास्त्राचा माणूस कागद फाडत नाही. मला मात्र त्या दिवशी वाटलं की आपण जिंकलो. विलासला मी मिठी मारली. त्याने ती हक्काची असल्यासारखी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा काचेला येऊन बसले.

सकाळी दहाला ते बोळीत स्टूल टाकायचे, डोक्यावर ओला पंचा, आणि दुपारी दोनपर्यंत आत बघत बसायचे. जून लागला होता तरी पावसाचा पत्ता नव्हता, पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. घरात कूलर होता. तिथे बसा म्हटलं तर मान हलवायचे. मी मान वर केली की काचेत त्यांचा चेहरा. जॉब चकच्या जबड्यात लावताना चेहरा, मोजमाप घेताना चेहरा, बिडी ओढताना चेहरा. कारखान्यात बावीस वर्षं सुपरवायझरची नजर पाठीवर घेतली होती. ती चुकवायला घरी आलो, तर इथे बापच सुपरवायझर. तोही ज्याला लेथची एक कळ माहीत नाही असा.

पंपवाला ढोबळे बुश न्यायला आला तेव्हा म्हणाला, "म्हाताऱ्याले काम शिकवता का?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मीही हसलो, पण आतून जळालो. त्या संध्याकाळी मी खळ केली आणि आतल्या बाजूने काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं.

बाबांनी सकाळी ते पाहिलं. दहा वाजता गादीचं दार ढकलून आत आले, राहिलेले बुश न्यायला आलेला ढोबळे समोर उभा असताना दोन्ही नखांनी कागद खरवडून काढला, त्याचा बोळा केला आणि खिशात घातला. मी लेथ बंद केला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ढोबळेला ऐकू जाणार नाही अशा खालच्या आवाजात, अगदी सावकाश म्हणालो, "तुम्हाले ऐकू तं येत नाही. नुसतं पाहून काय करता?"

त्यांना ऐकू येत नाही या भरवशावरच मी ते बोललो होतो. बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग बाहेर गेले आणि दार नीट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काचेत कुणी नव्हतं. अकरालाही नव्हतं. स्टूलसुद्धा दिसत नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, शीळ घालावीशी वाटली, आणि मी घातलीही. त्या खोलीत शीळ घातली काय आणि बोंब मारली काय, सारखंच होतं.

विलासच्या थंडगार खोलीचं एव्हाना असं झालं होतं की बाहेरची उष्णता आत येत नव्हती हे खरं, पण मोटरची आणि माझी उष्णता बाहेरही जात नव्हती. कूलर लावायचा तर त्याला उघडी खिडकी लागते आणि त्याच्या ओलीने लेथला गंज चढतो. म्हणून मी दुपट्टा पाण्यात भिजवून गळ्यात गुंडाळायचो. नागपूरचा प्रत्येक माणूस उन्हाळ्यात दुपट्टा बांधतो, त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. कारखान्यात एखादा माणूस गळ्यात दुपट्टा घालून मशीनवर आला असता, तर मी त्याला शिव्या देऊन गेटबाहेर काढला असता. तसे दोघांना काढलेही होते. पण ते कारखान्यात. घरी कोण बघतं?

दुपारचा एक वाजला असेल. लांब शाफ्ट चकमध्ये फिरत होता आणि मी त्यावर वाकून पॉलिश पेपर धरला होता. घाम डोळ्यांत उतरला. दुपट्ट्याच्या टोकाने तो पुसला आणि टोक सोडून दिलं. ते शाफ्टवर पडलं. ओलं कापड लोखंडाला चिकटलं आणि एका श्वासात तीन वेढे बसले.

माझं डोकं खाली खेचलं गेलं. मी दोन्ही हात लेथच्या बेडवर टेकून मागे रेटलं. जुना पट्टा सैल होता, तो घसरायला लागला, म्हणून मी आज हे सांगतोय. नवीन लेथ असता तर एवढाही वेळ मिळाला नसता. स्टार्टर चार हातांवर दिसत होता. मी ओरडलो. एकदाच ओरडता आलं, पण जीव खाऊन ओरडलो, आणि तो आवाज काचेच्या कापसात, पॅनेलात आणि गादीत नाहीसा झाला. विलासने काम चोख केलं होतं. घरात तो स्वतः, शकुन आणि त्याची बायको कूलरसमोर झोपली होती. भिंतीपलीकडे मास्तर झोपले होते, त्यांचाही कूलर चालू होता. सगळ्यांचे कान शाबूत होते.

पट्टा घसरत होता आणि मधूनच पकडत होता. दर वेळी पकडला की गळा आणखी आवळत होता. मी मान फिरवून काचेकडे पाहिलं. काच रिकामी होती. मला माझंच वाक्य आठवलं, नुसतं पाहून काय करता. मग डोळ्यांसमोर काळं यायला लागलं, आणि त्या काळ्यात काचेपलीकडे, लांब मास्तरांच्या भिंतीच्या सावलीत काहीतरी पांढरं हललं. ओला पंचा होता तो. म्हाताऱ्याने स्टूल हलवलं होतं. मला तो दिसू नये पण त्याला मी दिसावा, अशी जागा शोधून तो तिथे बसला होता.

बाबा काचेकडे आले नाहीत, दाराकडेही आले नाहीत. ते सरळ मीटरकडे पळाले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

लेथ थांबला. घरातले कूलरही थांबले. मग मात्र सगळे धावत आले. माझ्या ओरडण्याने एक माणूस उठला नव्हता, कूलर बंद पडला तसे तिघं उठले. भिंतीवरून मास्तरांनी डोकं काढून विचारलं की तुमची लाइट गेली का.

मी लेथवर ओणवा पडलो होतो आणि कापड गळ्यात तसंच रुतलेलं होतं. विलास दारात उभा राहून कात्री, कात्री असं ओरडत होता. कात्री कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. बाबा त्याला बाजूला सारून आत आले. त्यांनी एका हाताने माझं कपाळ उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने चक उलटा फिरवायला सुरुवात केली. घाई नाही, हिसका नाही. छत्तीस वर्षं मागाच्या रुळावर कापड गुंडाळलं आणि सोडवलं होतं त्या हाताने. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला माझ्या छातीत हवा आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मानेचं हाड वाचलंय, पण आतून घसा सुजलाय. पंधरा दिवस आवाज काढायचा नाही. काढायला तो होताच कुठे? तोंड उघडलं की नुसती हवा यायची.

घरी खाटेवर पडल्यावर विलासने मला एक वही दिली. मी लिहून दाखवायचो आणि त्याला माझं अक्षर लागायचं नाही. उशी मागितली तर तो मशीन काय म्हणून विचारायचा. तिसऱ्या दिवशी वैतागून मी वही फेकली आणि नुसतेच ओठ हलवून उशी मागितली आणि त्याला एक शिवी दिली. कोपऱ्यात बसलेल्या बाबांनी ती मोठ्याने, जशीच्या तशी सांगितली. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, शेजारपाजारपर्यंत गेला. मग म्हणाले, "आणि त्याले उशी पाह्यजे."

शकुन उशी आणायला उठली. मी तसाच पडून राहिलो, आणि मला आमचा जुना ओटा आठवला.

मी लहान असताना बाबा आणि मिलमधले त्यांचे सोबती संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि आवाज न काढता तासन् तास बोलायचे, ओठ आणि बोटं हलवून. मागांच्या गोंगाटात त्यांना तेवढंच बोलणं शक्य होतं आणि तीच सवय लागली होती. आम्ही पोरं त्यांची नक्कल करून लोळायचो. मोठा झालो, टर्नर झालो आणि ते विसरून गेलो. बाप बहिरा आहे एवढंच लक्षात ठेवलं. चार बोटांच्या अंतरावर उभं राहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून मी त्यांना जे बोललो होतो, ते त्यांनी माझ्या ओठांवरून अक्षर न अक्षर वाचलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी स्टूल उचलून भिंतीच्या सावलीत नेलं होतं.

दुपारी सगळे पांगले तेव्हा मी त्यांना ओठांनी विचारलं, काच कशाला मागितली होती?

बाबांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "झिंगरू म्हणून माह्या समोरचा होता. त्याचा माग माह्या मागासमोर. तो मले पाहे, मी त्याले पाहो. तिथं कोणाचं ओरडणं कोणाले ऐकू येत नव्हतं, म्हणून पाहाच लागे. मग साहेबायनं मधात फळ्यायची भित घातली. माल ठेवाले." त्यांनी हवेत तळहात उभा धरला. "आठ दिवसानं त्याचं धोतर पट्ट्यात गेलं. चारशे माणसं होती. सुट्टीचा भोंगा झाला तवा सापडला."

त्यांनी तळहात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

शकुन दारात आली, पाठोपाठ विलासही. मला ते बोलायचं होतं आणि दोघांसमोर बोलायची लाज वाटत होती. मग लक्षात आलं की मला आवाजच नाही. मी बाबांकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. चुकलं माझं, म्हणालो. त्या दिवशी बोललो ते चुकलं. एवढ्यावर राहवलं नाही. तुमचे पाय धरायच्या लायकीचा नाही मी, असंही म्हणालो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शकुन घाबरून जवळ आली.

"मामाजी, काय म्हणून राहिले हे?" तिने मोठ्याने, हातवारे करून विचारलं. "दुखते का?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. सगळं वाचून झालं होतं. मग ते तिच्याकडे वळले.

"चहा मांगते," ते म्हणाले. "मलेही ठेव घोटभर."

शकुनने चहा केला. माझ्या घशाखाली तो उतरत नव्हता, पण बाबा बघत होते, म्हणून मी सगळा प्यालो.